प्रस्तावना : नजर गेल्यावरचं शिक्षण

१९४३ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, डेहराडूनला एक वसतिगृह सुरू झालं. लढाईत डोळे गेलेल्या हिंदी सैनिकांसाठी ते होतं आणि लंडनच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचंच नाव त्याला दिलं होतं. प्रमुख होते सर क्लुथा मॅकेन्झी. न्यूझीलंडच्या या माणसाची स्वतःची दृष्टी १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत गेली होती. त्यांच्यापुढे आलेल्या जवानांना जिना उतरायला, स्वतःची दाढी करायला, बोटांनी वाचायला आणि हाताने काम करून चार पैसे मिळवायला शिकवायचं होतं.

तोवर आपल्याकडे अंधांसाठी काहीच नव्हतं असं नाही. अमृतसरला १८८७ साली देशातली पहिली अंधशाळा निघाली होती. मुंबईत दादरची शाळा १९०० ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची, पुण्याची अंधशाळा १९३४ ची. पण या शाळा मुलांच्या. संसार मांडलेल्या, डोळ्यांवर विसंबून जगायची सवय जडलेल्या माणसाची नजर गेली तर त्यालाही नव्याने शिकवावं लागतं आणि ते शिकवता येतं, ही गोष्ट इथे ठळकपणे पुढे आली ती या सैनिकांमुळे. युद्धानंतर सरकारने ते काम हाती घेतलं, १९५० मध्ये डेहराडूनला प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र झालं आणि आजची दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यातूनच वाढली. मुंबईत १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘नॅब’, स्थापन झाली.

या पुस्तकाचा विषय तोच आहे : मोठेपणी दृष्टी गमावलेल्या माणसाचं शिक्षण. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांबद्दल मराठीत थोडंफार लिहिलं गेलं आहे. त्यांच्या शाळांना देणग्या मिळतात, स्नेहसंमेलनांना पाहुणे जातात, वर्तमानपत्रात दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांचे फोटो येतात, आणि ते यायलाच हवेत. पण चाळिशीत मधुमेहाने पडदा गेलेला वेल्डर, पंचावन्नाव्या वर्षी काचबिंदूने घरी बसलेली अंगणवाडी सेविका, रातांधळेपणापासून सुरुवात होऊन तिशीतच नजरेचा बोगदा झालेला बँकेतला कारकून, यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते घरातच असतात, खाटेवर किंवा खिडकीजवळच्या खुर्चीत. वर्षभराने गल्लीतली माणसंही त्यांची चौकशी करायची थांबतात.

अशा माणसांना चलनवलन, म्हणजे काठी घेऊन एकट्याने हिंडणं-फिरणं, शिकवत असताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि ती इथे आग्रहाने मांडतो. नजर जाणं वेगळं आणि माणूस बसून राहणं वेगळं. पहिलं आजारामुळे होतं. दुसरं होतं ते वेळेवर शिकवणारं कुणी न भेटल्यामुळे. आपण मात्र दोन्ही एकच समजतो, डोळ्यांबरोबर माणूसही गेला असं धरून चालतो, आणि शिकवण्याचा प्रश्नच मनात येऊ देत नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात काय होतं ते पाहा. या माणसाची फाइल वर्षानुवर्षं जाड होत जाते. लेझर होतं, डोळ्यात इंजेक्शनं होतात, थेंब बदलतात, घरचे लोक दागिने मोडून मोठ्या शहरात दुसरं मत घेऊन येतात. मग एक दिवस डॉक्टर सांगतात की नस सुकली, आता काही करता येणार नाही. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. औषधाने आणि ऑपरेशनने करण्यासारखं खरंच काही उरलेलं नसतं. पण ज्या दिवशी त्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते, त्याच दिवशी त्याच्या हातात पुढचा पत्ता नसतो. अशी माणसं आमच्यापर्यंत पोचतात ती बहुतेक वेळा योगायोगाने, कुणा नातेवाइकाने लोकलमध्ये काठीवाला प्रवासी पाहिला आणि चौकशी केली म्हणून. मधली वर्षं वाया गेलेली असतात. पायांतलं बळ गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, आणि स्वतः होऊन काही करून बघण्याची इच्छा मेलेली असते. ही इच्छा परत जागी करणं हे काठी शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण जातं.

या दुर्लक्षाचं एक मोठं कारण आपल्या यशातच आहे. १९७६ साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि मोतीबिंदूच्या शिबिरांनी असंख्य म्हाताऱ्या माणसांना पुन्हा जग दाखवलं. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के आढळलं आणि त्यातलं सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगं. त्यामुळे समाजाच्या आणि शासनाच्याही मनात अंधत्व म्हणजे ऑपरेशन करून संपवायची गोष्ट अशी समजूत बसली. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात ज्यांची नजर ऑपरेशनने परत येत नाही अशी माणसं पुष्कळ आहेत. शिबिराच्या मांडवात त्यांना बाजूला बसवलं जातं. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले लोक ५० लाखांवर होते. एवढ्या लोकांपैकी किती जणांना कुणी काठी हातात देऊन रस्ता ओलांडायला शिकवलं, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात विचारलेला नसतो.

त्याऐवजी काय होतं, तर प्रमाणपत्र काढलं जातं. प्रमाणपत्र जरूर काढावं, सवलती त्यावरच मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल, तर ते अंधत्व. समोर कितीही स्वच्छ दिसत असलं तरी नजरेचा पट्टा दहा अंशांपेक्षा अरुंद असेल तरी ते अंधत्वच. त्याच्या अलीकडची, ६/१८ पासून ३/६० पर्यंतची, ती अल्पदृष्टी. पण प्रमाणपत्र मिळालं की घरातली फाइल बंद होते. टक्का कळतो. त्या टक्क्याचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

अल्पदृष्टीच्या माणसांचे हाल तर विशेष वाटतात, कारण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. बोगद्यासारखी नजर असलेला माणूस पेपरातली बारीक अक्षरं वाचतो आणि उठून चालायला लागला की मधल्या स्टुलावर आपटतो. घरचे म्हणतात, सोंग करतोय. उलट ज्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे ते रस्त्याने सरळ चालत येतात, पण समोरून आलेल्या सख्ख्या भाच्याला ओळखत नाहीत, आणि नातेवाइकांत त्यांच्या शिष्टपणाची चर्चा होते. उरलेली नजर वापरायलाही शिकावं लागतं. मधला भाग गेला असेल तर वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहून, शाबूत राहिलेल्या कडेच्या भागाने ती पकडायची, याचा सराव करावा लागतो. घरात थोडेच बदल लागतात, पण नेमके. दिवा डोळ्यांवर नको, मागून खांद्यावरून कामावर पडावा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात. काळ्या जाड कागदाला एका ओळीएवढी फट पाडली आणि तो पानावर ठेवला तर भोवतालचा चकाकणारा पांढरा कागद झाकला जातो आणि ओळ सापडते. या कागदाला काही खर्च येत नाही. ज्या माणसाने चार वर्षांत एकही ओळ वाचलेली नव्हती त्याला त्या फटीतून लग्नपत्रिकेवरचं स्वतःचं नाव वाचताना मी पाहिलं आहे. तो ते सारखं सारखं वाचत राहिला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण ती लोक लपवतात. नजर अधू झाली की काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात : जाळीदार नक्षी, रंगीत कपड्यातली छोटी माणसं, अंगणात उभी असलेली झाडं. आवाज काही येत नाही, नुसतं दिसतं. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांच्या अशा अनुभवांची नोंद केली आणि आज त्यांच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. यात वेड नाही. पण आपल्याकडची म्हातारी बाई हे कुणाला सांगेल? सांगितलं तर घरात अंगारा-धुपारा सुरू होईल किंवा डोकं फिरलं असं ठरेल, या भीतीने ती गप्प बसते आणि आतल्या आत झुरते. हे दिसू शकतं, पुष्कळांना दिसतं, आणि बहुधा हळूहळू कमी होतं, एवढं एक वाक्य वेळेवर कानावर पडलं तरी तिची झोप परत येते. या पुस्तकात त्यावर चार पानं आहेत. मी संपादक असतो तर ती सगळ्यात पुढे घेतली असती.

आता काठीविषयी. पांढरी काठी सगळ्यांना माहीत असते आणि ती कशी चालवतात हे जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. तिचं आजचं तंत्रही युद्धातूनच आलं. १९४४ साली अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर नावाच्या तरुण सार्जंटने, जो लष्करात येण्यापूर्वी अंधशाळेत शिकवत असे, पाहिलं की डोळे गेलेले सैनिक आखूड काठी हातात घेऊन चाचपडत फिरतात. त्याने काठी लांब आणि हलकी केली, आणि ती चालवायची पद्धत बसवली. चार वर्षांनी शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयात अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं पहिलं अंध पुनर्वसन केंद्र सुरू झालं. तिथले प्रमुख रसेल विल्यम्स स्वतः महायुद्धात अंध झालेले होते, आणि तिथल्या प्रशिक्षकांना आधी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः सगळं शिकावं लागे. आजही आमच्या कामात तेच करतात. हूवर पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन नेत्रतज्ज्ञ झाला. नेत्रतज्ज्ञ आणि काठी यांच्यात एवढं जवळचं नातं होतं, ते नंतर कुठे तुटलं कोण जाणे.

ही काठी टेकायची नसते. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासणं हे तिचं काम. म्हणून तिची उंची छातीच्या मधल्या हाडापर्यंत हवी. हात बेंबीसमोर, तर्जनी काठीच्या अंगावर सरळ, आणि हालचाल मनगटातून. डावं पाऊल पुढे जातं तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, उजवं जातं तेव्हा डावीकडे. कमान खांद्यांपेक्षा जराशी रुंद, टोक जमिनीपासून जेमतेम उचललेलं. लिहायला हे चार ओळींत झालं. प्रत्यक्षात नवशिक्याचं पाऊल आणि काठी दहा-बारा ढांगांत एकाच बाजूला पडायला लागतात, आणि ज्या बाजूला काठी नाही त्या बाजूला नेमका खड्डा असतो. ही लय अंगात मुरेपर्यंत मोकळ्या व्हरांड्यात रोज तासभर चालावं लागतं. मग गल्ली, मग वर्दळीचा रस्ता, मग बस, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे फलाट.

गल्लीतला पहिला धडा कसा असतो ते सांगतो. शिकणारे गृहस्थ पूर्वी फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालवत. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं, दळण टाकून परत यायचं, एवढंच काम. फाटकाबाहेर फरशी आहे तोवर काठीचा आवाज टणक येतो, डांबरावर बसका होतो. गटाराचं झाकण आलं की पोकळ वाजतं, आणि ही खूण कायमची धरायची, कारण तिथूनच डावीकडे वळायचं आहे. कंपाउंडची भिंत संपली की डाव्या कानाला एकदम मोकळं वाटतं. त्यांनी मला विचारलं, “ही भिंत मला जाणवतेय का नुसता भास आहे?” भास नव्हे. पुष्कळ वर्षं लोक समजत की अंधांना चेहऱ्याच्या कातडीने अडथळा कळतो. १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी दाखवलं की कान बंद केले की ही शक्ती नाहीशी होते. म्हणजे भिंतीवरून परतणारा आवाजच आपण ऐकत असतो. त्या गृहस्थांना हे सांगितल्यावर ते दोनदा मागे जाऊन ती भिंत पुन्हा ऐकून आले. पुढे गिरणीची घरघर आली, ताज्या पिठाचा वास आला, आणि उंबऱ्याला काठी लागली. गिरणीवाल्याने बाहेर येऊन त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, “राहू द्या, काटा कुठे आहे तेवढं सांगा.”

काठीला काय कळत नाही, हेही शिकवावं लागतं. ती कमरेच्या खालचं सांगते. उभ्या ट्रकचा फाळका, दुकानाची पुढे आलेली छपराची कड, वाकलेली फांदी, टपरीच्या पत्र्याची धार, यांच्या खालून काठी सरळ निघून जाते आणि तोंड आपटतं. पावसाळ्यात छत्रीवर पडणाऱ्या सरींच्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात, रस्ता पाण्याखाली जातो, आणि मुंबईत तर उघड्या मॅनहोलची भीती डोळसांनाही असते. हल्लीच्या विजेवर चालणाऱ्या स्कूटर आवाजच करत नाहीत. त्या अंगावर येईपर्यंत कळत नाहीत, आणि याचा विचार त्या रस्त्यावर आणताना फारसा कुणी केला नाही, याचं मला दुःख आहे.

आणि आपण डोळस माणसं मदत कशी करतो? काठीचंच टोक धरून ओढतो, किंवा दंड पकडून मागून ढकलतो. ढकलला जाणारा माणूस सगळ्यात पुढे असतो, म्हणजे खड्ड्यात आधी तोच जातो. खरी रीत उलटी आहे. आपण नुसतं “मदत करू का?” असं विचारून हाताच्या पाठीने त्याच्या हाताला स्पर्श करायचा. तो आपल्या कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे राहून चालतो. आपलं अंग वर गेलं की पायरी चढायची, खाली गेलं की उतरायची, आपण हात पाठीमागे घेतला की जागा अरुंद आहे आणि त्याने बरोबर मागे यायचं. बोलण्याचीही गरज पडत नाही. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात, आणि शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला हे शिकवायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

स्वयंपाकघराचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, आणि तसंच हवं होतं. केंद्रांमध्ये प्रशिक्षणाला येतात ते बहुतांश पुरुष. बाईची नजर गेली तर घरचे म्हणतात, तिला आता काय शिकायचंय, सुना आहेत करायला. आणि त्या बाईच्या हातून सगळ्यात आधी काय जातं तर तिचा ओटा. तीस-चाळीस वर्षं ज्या जागेवर तिचा शब्द चालत होता तिथे तिला कुणी फिरकूही देत नाही, भाजेल म्हणून. वास्तविक स्वयंपाकातला मोठा भाग कानाचा आणि नाकाचा आहे. मोहरी तडतडायची थांबली की हिंग घालायचा, हे डोळसही ऐकूनच करतात. कांदा परतला गेला हे वासावरून कळतं. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम कुणी न बदलणं एवढंच लागतं. भांडं आधी शेगडीवर ठेवायचं, हाताने मध्यभागी आलं का ते पाहायचं, आणि मगच लायटर लावायचा. कपात चहा ओतताना भरत येईल तसा आवाज चढत जातो. भाकरी थापताना कड बोटांनाच कळते. पोळी उलटताना मात्र सराव लागतो, सुरुवातीला गार तव्यावर.

ताटाच्या बाबतीत तर आपल्याकडे आयतीच सोय आहे. पाश्चात्त्य पुस्तकांमध्ये अंध माणसाला ताट समजावताना घड्याळाचे आकडे वापरतात : तीन वाजता भाजी, सहा वाजता भात. ते चांगलंच आहे. पण मराठी ताटात मीठ-लिंबू वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात खाली समोर, ही जागा आजीच्या काळापासून ठरलेली. ज्या घरात अजून वाढायची ही शिस्त आहे तिथे नजर गेलेल्या माणसाला कुणी काही सांगावं लागत नाही, हात आपोआप जागेवर जातो. स्टीलच्या ताटात कसंही वाढून पुढ्यात ठेवायची सवय लागल्यापासून ही सोय आपण आपल्या हाताने घालवली.

घरच्यांबद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं, कारण ते जे करतात ते मायेपोटी. शर्टाची बटणं लावून देतात, घास भरवतात, संडासाच्या दारापर्यंत सोडतात. महिनाभर हे ठीक आहे. वर्षभर चाललं की माणूस खरंच परावलंबी होतो. अमेरिकेतले थॉमस कॅरल नावाचे एक धर्मगुरू अंध झालेल्या सैनिकांमध्ये काम करत होते. त्यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात दृष्टी जाताना माणसाचं काय काय जातं याच्या वीस गोष्टी मांडल्या. हिंडण्या-फिरण्याची मोकळीक, नोकरी, लिहिणं-वाचणं हे त्यात आहेच. पण एक हानी फार वेगळी आहे : गर्दीत कुणाच्या लक्षात न येता वावरण्याची सोय जाते. काठी हातात आली की सगळा बाजार आपल्याकडे बघतो, कुणीही येऊन “कधीपासून दिसत नाही?” असं विचारतो, हातावर नाणं ठेवतो. शिकून तयार झालेली कितीतरी माणसं काठी घडी करून पिशवीत ठेवतात आणि तशीच धडपडत जातात ती यामुळेच. प्रशिक्षकाने याला हट्ट म्हणू नये. शोक करायला प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो, आणि शिकवण्याची घाई त्या शोकावर चढवू नये.

ब्रेल आणि मोबाइल यांच्यात हल्ली उगाच भांडण लावतात. फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक असतो, संगणकावर तसंच एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं आणि ते मराठीही वाचून दाखवतं. चाळिशीनंतर नजर गेलेल्याने आधी फोन शिकावा, असं माझंही मत आहे. त्याने बँक, पेपर, नातवंडांचे निरोप लगेच हाताशी येतात. मधुमेहाने डोळे गेलेल्या पुष्कळांच्या बोटांची संवेदनाही बोथट झालेली असते, त्यांना ब्रेलचे ठिपके सापडत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तरीही ज्याला जमेल त्याने थोडं ब्रेल शिकावंच. औषधाच्या बाटलीवर, मसाल्याच्या डब्यावर, लिफ्टच्या बटणावर फोन दर वेळी उपयोगी पडत नाही. आणि वाचणं म्हणजे केवळ ऐकणं नव्हे. मराठीत २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक निघतं. अंक आला की वाचनालयात तो पहिला कुणी घ्यायचा यावरून गोड भांडणं होतात. ती ऐकली की या लिपीचं काय होणार ही चिंता करावीशी वाटत नाही.

पैशाचं प्रकरण बारकाईने वाचावं. नव्या नोटांमध्ये शंभर आणि दोनशेच्या नोटेच्या लांबीत फक्त चार मिलिमीटरचा फरक आहे, दोनशे आणि पाचशेच्यातही तेवढाच. कडेला उठावदार रेघा आहेत, शंभराला चार, पाचशेला पाच, पण नोट हाताळून मऊ झाली की त्या लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं ‘मनी’ हे ॲप कॅमेऱ्याने नोट ओळखतं, पण भाजीवाल्यासमोर ते उघडून बसायला सवड नसते. म्हणून घरीच नोटा ओळखून ठेवायच्या आणि प्रत्येकीची घडी वेगळी घालायची : शंभर मधोमध, दोनशे उभी, पाचशे तिहेरी. परत मिळालेले पैसे वेगळ्या खिशात.

नोकरीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती न कळल्यामुळे संसार मोडलेले आहेत. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला जादा पदावर ठेवायचं. आधीच्या, १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती. तरी साहेबांनी समजावलं म्हणून राजीनामा लिहून देणारी माणसं अजून भेटतात. नजर गेली की पहिल्या महिन्यात कुठल्याच कागदावर सही करू नये. मुलाने, भावाने, कार्यालयातल्या मित्राने, कुणीही पुढे केलेल्या कागदावर.

उरतो शिकवणाऱ्यांचा प्रश्न. मोठ्या शहरांबाहेर प्रशिक्षित माणूस शोधून सापडत नाही. केंद्रात सहा महिने राहायला या असं सांगणं सोपं असतं, पण शेतावर किंवा दुकानावर जीव असलेला घरचा कर्ता कुठून येणार? आणि केंद्रातल्या गुळगुळीत व्हरांड्यात शिकलेलं त्याला बांधावरून चालताना कितपत उपयोगी पडणार? घरी जाऊन, त्याच्याच विहिरीवर, त्याच्याच गोठ्यात शिकवलं तर ते टिकतं. बांधाच्या दोन्ही कडा काठीने कशा धरायच्या, गोठ्यापासून परसापर्यंत दोरी कशी बांधायची, हे शिकवायला पदवी लागत नाही, नीट तयार केलेला गावातलाच माणूस लागतो. आशा कार्यकर्तीला हे शिकवता येईल. हे पुस्तक तिच्या हातात पडावं, ही माझी फार इच्छा आहे. लेखकांनीही प्रत्येक धडा कुठल्याही साधनाशिवाय, घरच्या वस्तूंनी कसा घ्यायचा हे आधी दिलं आहे आणि महागडी उपकरणं मागच्या प्रकरणात ठेवली आहेत.

पुस्तकाच्या शेवटी एक पान सहज फाडून घेता येईल असं छापलं आहे. ते नेत्रतज्ज्ञांसाठी आहे. त्यावर रुग्णाच्या उरलेल्या नजरेचा तपशील, घरच्या माणसाचा फोन आणि जवळच्या प्रशिक्षकाचा फोन लिहायला जागा आहे, आणि “आता काही करता येणार नाही” हे सांगायच्या दिवशी ते भरून रुग्णाच्या हातात द्यावं अशी खाली विनंती आहे. आपण किंवा आपल्या घरातलं कुणी पुढच्या तपासणीला जाईल तेव्हा ते पान बरोबर न्यावं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून यावं. पुस्तक खराब होईल म्हणून थांबू नये.